हनुवटीखालचा हात

कुंभारी गावातल्या घरामागं युवराजनं निळी टाकी मांडली, पाणी भरलं आणि सोलापुरातून आणलेल्या बर्फाच्या दोन लाद्या फोडून त्यात सोडल्या. तिथल्या सात रस्ता चौकातल्या ऑफिसात दिवसभर डोकं तापतं, म्हणून रोज दोन मिनिटं गारठ्यात बसायचं, असं त्यानं मोबाइलवर बघून ठरवलं होतं. त्याचा बाप तात्याबा बाजेवर बसून हे सगळं बघत होता.

युवराज गळ्यापर्यंत आत गेला, श्वास अडकला आणि ओरडतच बाहेर आला. एकदा नाही, तीनदा.

तात्याबाला रागच आला. उभ्या जन्मात त्यानं हजारो मेंढरं लोकर भादरायच्या आधी ओढ्यात धुतली होती. एकानंही एवढा तमाशा केला नव्हता. तो तणतणत उठला.

"पळतुयास कुटं? बस खाली!"

युवराज परत पाण्यात बसला. तात्याबानं एक तळवा त्याच्या हनुवटीखाली धरला, दुसरा मानेवर ठेवला. मेंढरू पाण्याला भीत नाही, तोंड बुडेल म्हणून भितं; हनुवटीला आधार मिळाला की गप होतं, हे त्याला ठाऊक होतं.

"नाकानं श्वास सोड. दमानं."

युवराजचे खांदे हळूहळू सैल पडले. श्वास लांबला. दोन मिनिटं झाली, मोबाइल वाजला, तसा तात्याबा हात काढू लागला.

डोळे न उघडता युवराज म्हणाला, "आबा, हात काढू नगा की."

"गप बस," हनुवटी नीट धरत तात्याबा म्हणाला, "मेंढरं बोलत नसत्यात."