सभासदाची साखर

मुरलीधरने आयुष्यात एकदाच शेअर घेतले, तेही साखर मिळेल म्हणून.

साखर म्हणजे इथे औषध. मुरलीधर सांगलीकडचा. त्याचे वडील साखर कारखान्याचे सभासद, आणि दर दिवाळीला सभासदांना स्वस्तात साखर मिळायची. पिशवी घेऊन रांगेत उभं राहायचं काम मुरलीधरचं. त्यामुळे पुढे इंग्लंडात कॉव्हेंट्रीला गाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं काढूनही त्याच्या डोक्यातली कंपनीची व्याख्या बदलली नाही: ज्याचा शेअर, त्याला माल.

माल होता तोंडात मारायचा एक फवारा, गांजाच्या अर्काचा. मुरलीधरच्या बायकोला, सुप्रभावहिनींना, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. हात आखडायचे, पाय काठीसारखे ताठ व्हायचे. हॉस्पिटलने त्यांना या फवाऱ्याच्या ट्रायलमध्ये घेतलं आणि तिसऱ्या आठवड्यात वहिनी स्वतःची वेणी स्वतः घालू लागल्या. असे चौदा महिने गेले. मग पत्र आलं: ट्रायल यशस्वी झाली आहे, सबब फवारा बंद. आपल्या योगदानाबद्दल आभार.

"यशस्वी झाली म्हणून बंद?" मुरलीधरने मला फोनवर तीनदा विचारलं.

"अरे, सरकारचं लायसन्स यायचंय अजून."

"तोवर तिने काय करायचं?"

उत्तराऐवजी मी त्याला सल्ला दिला. मी अकाउंटंट आहे, आणि माझे स्वतःचे घेऊन झाले होते. "फवारा बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घेऊन ठेव," म्हटलं. "आज एमएस, उद्या मधुमेह, परवा लठ्ठपणा. या संशोधनाला मरण नाही." हेच मी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतही सांगत फिरलो होतो. 'गांजा' ऐकून ज्यांनी कानांवर हात ठेवले, त्यांनी 'कॅनाबिनॉइड' म्हटल्यावर ब्रोकरचा नंबर मागून घेतला.

मुरलीधरने शेअर वहिनींच्या नावावर घेतले. "साखर ज्याची, सभासद तोच पाहिजे," म्हणाला. मला वाटलं, गंमत करतोय.

२००४ च्या सुरुवातीला कंपनीचा वार्षिक अहवाल आला, सोबत सभासदांच्या वार्षिक सभेचं निमंत्रण. कव्हरवर सुप्रभावहिनी. ट्रायल चालू असताना फोटोग्राफर घरी आला होता आणि कुठल्याशा कागदावर सही घेऊन गेला होता. फोटोत वहिनी हात उंच करून वरच्या फळीवरची गोड्या मसाल्याची बरणी काढताहेत. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलेलं: 'आणखी उंच'.

वहिनींनी तो अहवाल मांडीवर घेतला.

"बरणी अजून तिथंच आहे," त्या म्हणाल्या. "आता हे स्टुलावर चढतात. परवा पडता पडता वाचले." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जयंतभावजी, मला त्या मीटिंगला यायचंय."

मीटिंग बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात होती. त्याच वर्षी सरकारने गांजा गुन्ह्याच्या यादीत एक पायरी खाली आणला होता. स्टेशनबाहेर चार पोरं उघड्यावर ओढत बसली होती आणि पोलीस त्यांच्या अंगावरून नजर फिरवत बसच्या वेळा वाचत होता. त्या धुरातून वहिनींची व्हीलचेअर ढकलत आम्ही कायदेशीर गांजाच्या सभेला गेलो.

मुरलीधरने मला साखर कारखान्याच्या सभांचं वर्णन ऐकवलं होतं. माईकची ओढाओढी, खुर्च्यांची फेकाफेक, आणि कुणी काही बोलायच्या आत 'मंजूर, मंजूर'चा गजर. इथे चहा आणि बिस्किटं होती. ठराव कुजबुजत मंजूर होत होते, वेग मात्र तोच. पडद्यावर रोगांची नावं होती आणि प्रत्येक रोगातून एक बाण निघून वर जात होता.

प्रश्नोत्तरं सुरू होताच मुरलीधर उभा राहिला. त्याच्या कोटावर 'पाहुणा' असा बिल्ला होता.

"चेअरमनसाहेब, माझी बायको तुमची सभासद आहे. तिचा कोटा कधी मिळणार?"

"कसला कोटा?"

"फवाऱ्याचा. दुकानात मिळत नाही, मान्य. पण सभासदाला तरी?"

सभा हसली. इंग्रज हसतात तशी, खोकल्यासारखी. चेअरमन अत्यंत सौजन्याने म्हणाले, "तो देणं गुन्हा ठरेल, सर."

"मग चौदा महिने कसा दिलात?"

"तेव्हा त्या ट्रायलच्या सब्जेक्ट होत्या."

"आणि आता?"

"आता त्या कंपनीच्या मालक आहेत."

"म्हणजे उंदीर होती तोवर औषध, मालकीण झाली की बिस्किट?"

मी त्याचा कोट ओढला. "खाली बस रे, भाव पडेल!" हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते माझं आहे.

शेवटचा ठराव: वार्षिक अहवाल मंजूर करणे.

"बाजूने?" सगळे हात वर. माझाही. सवय.

"विरोधात?"

वहिनींनी हात उचलला. तो खुर्चीच्या दांड्यावरून सुटला, छातीपर्यंत आला आणि मूठ वळून तिथेच थरथरत राहिला. मुरलीधरने त्यांचं मनगट धरून वर केलं. लगेच सेक्रेटरीबाई आल्या. सभासदाने हात स्वतः उचलायला हवा. दुसऱ्याकरवी मत द्यायचं तर प्रॉक्सीचा फॉर्म दोन दिवस आधी द्यायचा असतो.

"सोडा हो," वहिनी म्हणाल्या. "तो अहवाल घ्या. वर धरा. आणखी उंच."

मुरलीधरने अहवाल डोक्यावर धरला. सगळ्यांच्या मांडीवर तोच फोटो होता. माणसं एकदा मांडीकडे, एकदा खुर्चीकडे बघू लागली.

"हा हात माझा आहे," वहिनी स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. "तुम्हीच छापलाय. मोजा."

आता कुणी खोकलं नाही. सेक्रेटरीबाई चेअरमनच्या कानाशी वाकल्या. चेअरमननी वहिनींकडे पाहिलं, मग कव्हरकडे, आणि चष्मा पुसला.

"छायाचित्र मत म्हणून धरता येत नाही," ते म्हणाले. "विरोधात, एकही नाही."

तेव्हा मी हात वर केला. वर, पूर्ण ताठ, एकही बोट थरथरत नव्हतं.

सेक्रेटरीबाईंनी कागद तपासला आणि अगदी हळू, मला अवघडल्यासारखं होऊ नये अशा बेताने सांगितलं, "सर, आपण आधीच बाजूने मत दिलंय."