पाटीवरची दोन नावं

वीस वर्षं काकांच्या दुकानात पुस्तकं शिवून शिवून बाईंचं नावच सुईबाई पडलं होतं. खरं नाव कुणी विचारतसुद्धा नसे. काकांचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी चिठ्ठी दिली: "दुकान आता तू चालव. अट एकच, दारावर माझ्याच नावाची पाटी राहील. शनिवारपर्यंत कळव."

सुईबाईंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी तिथल्या तिथे उत्तर लिहून दिलं: "कबूल. पण खाली बारीक अक्षरांत माझंही नाव हवं."

दुसऱ्या दिवशी हे ऐकून वकील नणंदेने कपाळावर हात मारला. "वहिनी, काय करून बसलीस! त्यांचं म्हणणं जसंच्या तसं घेतलं असतंस तर करार झाला असता. तू अट बदललीस, म्हणजे त्यांचा प्रस्ताव नाकारलास आणि स्वतःचा पुढे केलास. आता ते मोकळे. दुसऱ्या कुणालाही दुकान देतील."

"अगं, मी कबूल म्हटलं की!"

"कायद्याच्या लेखी नाही म्हटलंस."

तो खळीचा वास, तो कागद कापायच्या यंत्राचा गुळगुळीत दांडा, सगळं परक्याच्या हातात? चार बारीक अक्षरांपायी? पायात मिळतील त्या चपला सरकवून सुईबाई दुकानाकडे धावल्या. नणंद मागोमाग.

"काका, माझं नाव नको पाटीवर! तुमची अट जशीच्या तशी मान्य!"

"ती तर तूच मोडीत काढलीस," काका चष्म्यावरून बघत म्हणाले. "आता मान्य करून काय उपयोग?"

"बरोबर आहे," नणंद नको तिथे खरं बोलली. सुईबाईंनी तिच्याकडे असं काही पाहिलं, की बिचारीला खोकलाच आला.

"आणि तुझी बारीक अक्षरं मला नामंजूर."

सुईबाईंचे डोळे भरून आले. काकांनी टेबलामागून पाटी वर उचलली. रंग अजून ओला होता. दोन नावं, शेजारी शेजारी, सारखीच ठसठशीत.

"इतकी वर्षं इथली पुस्तकं तू शिवलीस. तुझं नाव बारीक कशाला? हा माझा नवा प्रस्ताव. बोल."

सुईबाईंना शब्दच फुटेना.

"वहिनी, गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे," नणंद कुजबुजली. "तोंडाने बोल!"

"कबूल!" सुईबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की शेजारचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच धावत आला.

"काय झालं?"

"करार झाला," काका डोळे पुसत म्हणाले.