उंबरठ्यावरचा थांबा

काच कापायच्या टेबलाच्या पायांखाली विटा होत्या. काचवाल्याला वाकावं लागू नये म्हणून बायकोने त्या घातल्या होत्या. काचेवर कापायचा हिरा फिरवण्यात अजूनही त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण काच उचलायची वेळ आली की तो भिंतीला टेकून उभा राहायचा आणि बायको हाक मारायची, “भावजी, या हो!”

भावजी म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, बारक्या. नावाचा बारक्या, अंगाने कपाट.

गेल्या वर्षी काचवाल्याच्या हातून एक मोठं तावदान निसटलं. निसटणारी काच सोडून द्यायची, हा या धंद्यातला पहिला धडा; बायकोला तो त्यानेच शिकवला होता. पण ऐन वेळी त्यानेच कंबर पिळून झेप घेतली. काच फुटली ती फुटलीच, वर मणक्यातली चकती सरकली. तेव्हापासून दुखणं मुक्कामाला आलं होतं. सकाळी कमरेत गोळा होऊन बसायचं, दुपारी डाव्या मांडीतून पोटरीत उतरायचं. त्याच्या वाटा काचवाल्याला पाठ झाल्या होत्या. बारक्याकडे बघून आत जे जळायचं, त्याच्या वाटा मात्र कळत नव्हत्या.

दोघांनी काच नेणं हे नुसतं ताकदीचं काम नाही. पुढच्याने जो पाय टाकला तोच मागच्याने टाकायचा. तो चुकला की काच डुलू लागते, आणि एकदा डुलू लागली की दर पावलाला जास्तच डुलते. नवरा-बायकोची ही चाल लग्नानंतर वर्षभरात बसली होती. मग घरात अबोला असला तरी पाय आपापसात बोलत. आता त्या चालीत बारक्या शिरला होता, आणि वाईट म्हणजे, त्याला ती जमत होती.

फक्त उंबरठ्यापाशी गाडं अडायचं.

“वहिनी, अहो दारात ब्रेक का मारता?”

“मी कुठे थांबते? तुम्हीच मागून रेटता. बैल जुंपल्यासारखं!”

“बैल तर बैल. पण बोटं चेंगरतात हो बैलाची!”

काचवाला खाली मान घालून कड घासत राहायचा. ती थांबायची, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. का थांबते, ते त्याला ठाऊक होतं. पूर्वी मागे तो असायचा तेव्हा उंबरठा आला की उजव्या हाताची पकड किंचित वर सरकवायचा. ती हालचाल काचेतून तिच्या हातांना कळायची आणि तेवढ्यापुरती ती थबकायची. याबद्दल दोघं कधी बोलले नव्हते. तो मागे नसला तरी तिचे पाय दारापाशी त्याची वाट बघत होते. सांगितलं असतं तर दोन दिवसांत सवय मोडली असती. त्याने सांगितलं नाही. दिवसभरात त्याच्या वाट्याला आलेलं तेवढंच एक सुख होतं.

मग नाचाच्या वर्गासाठी भिंतभर आरशाची मागणी आली. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. आरसा सरळ बसवायला काचवाल्याची नजर लागायची, म्हणून तोही गेला. कठड्याला धरून, पायरी-पायरीला दम खात तो आधीच वर चढला आणि दाराच्या आत नाच शिकवणाऱ्या बाईंशेजारी उभा राहिला.

खालून दोघं आरसा घेऊन आली. पुढे बायको, मागे बारक्या. आरसा जरासुद्धा डुलत नव्हता.

“वा!” बाई म्हणाल्या. “माझ्या मुलींना दाखवायला हवं हे. नवरा-बायको असावेत तर असे, एका तालात!”

“बाई, नवरा तो,” बारक्या धापा टाकत म्हणाला. “तुमच्या शेजारी.”

“अगोबाई! मला वाटलं, सासरे!”

बायको फिसकन हसली. कामात असताना सुटलेलं, भाबडं हसू होतं ते. पण काचवाल्याच्या कमरेतून कळ थेट पायाच्या अंगठ्यात गेली. तोंडावर हसू आणावं म्हणून त्याने खाली पाहिलं, आणि त्याला उंबरठा दिसला. चांगला वीतभर उंच.

आता ती थांबणार. बारक्या तेव्हा शेवटच्या पायरीवर असेल, एक पाय हवेत, पाठीमागे अख्खा जिना. आरसा मागे ढकलला जाईल. आणि बारक्या तो सोडणार नाही. कंबर पिळून धरायला जाईल. भाऊच तो.

काचवाला बोलला नाही. श्वासभरच, पण बोलला नाही. बसू दे भिंतीला टेकून यालाही, असं काहीतरी मनात येऊन गेलं.

“थांबू नकोस!” तो एकदम ओरडला. “उंबरठ्यावर थांबू नकोस! चल, सरळ आत!”

तिचा उचललेला पाय पलीकडे पडला. आरसा अलगद आत आला.

तो भिंतीला टेकवल्यावर ती म्हणाली, “मी खरंच थांबते?”

“थांबतेस. तिथे माझी पकड सरकायची.”

तिने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. “मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“दादा, माझी नखं काळी झाली रे!” बारक्याने बोटं पुढे केली. काचवाल्याने आरशाकडे मान वळवली. “डावीकडून जरा वर घ्या,” तो म्हणाला.

संध्याकाळी दुकानातून एक तावदान गाडीत चढवायचं होतं. टेबलावर हिरा फिरवत काचवाला पाठमोरा ऐकत राहिला. दोघांची पावलं दारापाशी आली आणि न अडखळता पार झाली. लोण्यातून सुरी जावी तशी. त्यानेच शिकवलेलं. पोटरीत दुखणं उतरलं, आणि हिरा रेघेवरून घसरला.

बाहेरून बायकोचा आवाज आला, “अहो, चुकली का काच?”

“नाही.”

“चुकली. मला ऐकू आलं.”

“काय ऐकू आलं?” बारक्या विचारत होता. “वहिनी, मला तर काहीच ऐकू आलं नाही.”

काचवाल्याने वाया गेलेली काच बाजूला सारली आणि नवी ओढली.