मला तण ठरवले

मित्रांनो, मी क्लोव्हरचा एक जुना ताटवा आहे. गुरांना घालतात त्या बरसीम घासाच्या नात्यातला; तीन पानांचा, पांढऱ्या फुलांचा. तण ठरवून मला मारले, याचा राग अजून गेलेला नाही.

आमचे कूळ थंड मुलखातले. मुंबईच्या मे महिन्यात माझे पूर्वज वाळून जात. मुलुंडच्या क्षमाताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि सोसायटीच्या गच्चीवर दरवर्षी आमचे बी पेरू लागल्या. उन्हात जगतील आणि जमिनीलगत पसरतील तेवढीच रोपे त्या ठेवत, त्यांचेच बी पुन्हा पेरत. असे सहा उन्हाळे गेले, तेव्हा कुठे मी जन्मलो. थोड्या पाण्यावर तगणारा, सारखी कापणी न मागणारा, उलट मातीलाच खत देणारा.

सोसायटीच्या हिरवळीसाठी रोज टँकर येई. तिथे मला लावले आणि टँकर बंद झाला. मुले माझ्यावर लोळली, मोठ्यांनी फोटो काढले. मग फुलांवर मधमाश्या आल्या आणि एका मुलीच्या अनवाणी पायाला डसली एक. फुले खुडली असती तरी भागले असते. पण क्षमाताई बहिणीकडे दापोलीला गेल्या होत्या, आणि त्यांना एक फोन करावा असे कोणालाही वाटले नाही. मीटिंगमध्ये प्लास्टिकचे गवत ठरले. सेक्रेटरी श्यामसुंदररावांनी माळीकाम करणाऱ्या मालनला माझ्यावर तणनाशक फवारायला सांगितले.

ती म्हणाली, "साहेब, हे तण नाय. बाईंची सहा वर्षं आहेत ह्यात. मी नाय मारणार."

उद्यापासून येऊ नकोस, असे तिला सांगण्यात आले. फवारणी दुसऱ्याने केली. चार दिवसांत सगळा ताटवा करपला. फोटो काढणारे बाजूने निघून गेले. मी उरलो तो फवारणीआधी निघताना मालनने खुरप्याने काढून नेलेला तुकडा.

क्षमाताई परतल्या त्या थेट कांजूरमार्गला, मालनच्या खोलीवर आल्या. दारातल्या घमेल्यात मला पाहून त्यांचे डोळे भरले. एकट्या रोपाला बी धरत नाही, दुसऱ्याचा पराग लागतो, तेव्हा आता सगळे संपले, असे त्या म्हणाल्या. मालन आत गेली आणि दुसरे घमेले घेऊन आली.

"ताटव्याच्या दोन टोकांची दोन रोपं काढलीत, बाई. तुम्हीच शिकवलं होतंत."

मित्रांनो, एखादे झाड उपटण्याआधी ते कोणी लावले, कशासाठी लावले, एवढे तरी विचारा. आणि त्या सोसायटीत कधी गेलात, तर मालनला अजून कामावर का बोलावले नाही, तेही विचारा.