पाच हजार खुर्च्या

इस्पितळातल्या कॉम्प्युटरवाल्या बाईंचा स्वभाव सगळ्यांना पाठ होता: कुणी कटकट केली की आकडा वाढवून त्याचं तोंड बंद करायचं. वॉर्डच्या यादीत जास्तीत जास्त पन्नास औषधं बसत. "एक्कावन्न झाली तर?" असं मोठ्या डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा बाईंनी नियमांच्या फाइलीत, म्हणजे एक्सएमएल स्कीमात, पन्नासाचे पाच हजार केले आणि सुखाने घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला औषधखोलीकडे जाणाऱ्या याद्या तुंबल्या. प्रत्येक यादी स्कीमाशी ताडून पाहणारा ओपन-सोर्स, म्हणजे कुणालाही फुकट मिळणारा, प्रोग्राम दोन सेकंदांच्या कामाला अकरा मिनिटं धापा टाकत होता.

वरून सिस्टरचा फोन आला. "बाई, सात नंबरचे आजोबा कळवळतायत. दुखण्याचं इंजेक्शन खालून येईना."

बाईंनी आजोबांची तेवढी यादी न तपासताच औषधखोलीकडे सोडली. एकच तर होती. मग त्यांनी हा प्रोग्राम हौसेने सांभाळणाऱ्या निवृत्त मास्तरांना फोनवर गाठलं.

"कमाल किती लिहिलंत?"

"पाच हजार."

"शाब्बास. यादीत औषधं तीन, म्हणजे पाहुणे तीन, आणि तो बिचारा प्रोग्राम आधी पाच हजार खुर्च्या मांडतोय. खोड माझ्याच प्रोग्रामची, तीन वर्षं दुरुस्त करीन म्हणतोय. मर्यादा नाही असंच लिहा, मग एकाच खुर्चीवर सगळ्यांना पाळीपाळीने बसवेल."

तसं करताच याद्या भराभर सुटल्या. बाईंनी मनाच्या समाधानासाठी सात नंबरची यादीही तपासायला घातली. लाल ओळ उमटली: मात्रा दोन, एकक रिकामं.

डॉक्टर हे औषध मिलिग्रॅममध्ये लिहीत. रिकाम्या जागी औषधखोली मिलिलिटर धरे, आणि एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम. म्हणजे दहापट.

वॉर्डचा फोन नुसता वाजत राहिला. बाई दोन मजले धावल्या. एक चप्पल जिन्यातच राहिली.

सिस्टरने आजोबांची बाही वर केली होती. "हे काय, कॉम्प्युटर जिना चढून आला?"

"सुई खाली ठेवा," बाई कशाबशा म्हणाल्या. "मिलिलिटर नाही. मिलिग्रॅम."

सिस्टरने सिरिंजकडे पाहिलं आणि ती हळूच ट्रेमध्ये ठेवली. तिचं हसू गेलं होतं.

"टोचा की एकदाचं," आजोबा कण्हले. "मी नाही घाबरत."

बाई पलंगाची लोखंडी दांडी घट्ट धरून उभ्या होत्या.