खिडकीचा बाक

क्लबाची जबाबदारी आता कोण घेणार, असं जुन्या प्रमुखांनी विचारलं तेव्हा हॉलमधली सगळी माणसं एकदम बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकली. दाताचा डॉक्टर वाकला, बेकरीवाली वाकली. बस चालवणारा लांबू असा काही वाकला की वर यायचं नावच घेईना. आक्काच्या बुटांना नाड्या नव्हत्या, चिकटपट्टी होती. त्यामुळे ती एकटीच ताठ उभी राहिली आणि बॅडमिंटनचा अख्खा क्लब तिच्या गळ्यात पडला.

"अहो, मला खेळता कुठे येतं?" ती म्हणाली. तिची सर्व्हिस दहादा नेटमध्ये अडकायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"खेळायला आम्ही आहोत की," डॉक्टर खालूनच म्हणाला. "तुम्ही फक्त सांभाळा."

तर आक्काने सांभाळलं. दिवसभर शिवणाच्या दुकानात लोकांचे पायजमे आखूड करायचे, सदरे सैल करायचे, आणि ऊन उतरलं की दुकानाला कुलूप लावून हॉल गाठायचा. हॉल म्हणजे पूर्वीचं छापखान्याचं गोदाम. भिंतींना अजून शाईचा वास होता आणि मधल्या कोर्टावरची एक फळी पाय पडला की म्हातारीसारखी कण्हायची. आक्का नेट ताणायची, जमीन झाडायची, पिसं झडलेली शटलची फुलं वेगळी काढून सरावाच्या टोपलीत टाकायची. दोन माणसं एकाच कोर्टावरून हुज्जत घालायला लागली की दोघांच्याही हातात झाडू द्यायची. दोघं निमूट झाडायचे. तिच्या तोंडाला लागण्यापेक्षा झाडू परवडला.

रॅकेटच्या मुठीही तीच बांधायची. घामाने मुठीवरची पट्टी सुटते, हात घसरतो. आक्का दुकानातल्या चिंध्यांतून लांब पट्टी कापायची आणि घट्ट गुंडाळून टोक आत असं दाबायची की शोधून सापडू नये. एकाची बांधली, दुसऱ्याने मागितली, असं करता करता क्लबातल्या सगळ्या रॅकेटी तिच्याच हातच्या झाल्या. लांबूच्या मुठीला जुन्या पडद्याचा पट्टा, बेकरीवालीच्या मुठीला उशीच्या अभ्र्याची फुलं, डॉक्टरच्या मुठीला पांढरंशुभ्र कापड. तो रंगीत नको म्हणाला होता, दाताचा डॉक्टर ना.

आणि धाकटीच्या मुठीला तपकिरी कॉर्डरॉय.

धाकटी म्हणजे आक्काची जाऊ, वरच्या मजल्यावर राहणारी. दीर गेला तेव्हापासून ती जी खिडकीपाशी बसली ती बसलीच. जेवण खाली बोलावून घातलं तर जेवायची, नाही तर नाही. शेवटी एका संध्याकाळी आक्का वर गेली आणि तिच्या पायात स्वतःच बूट घातले.

"आक्का, मला नाही हो येत खेळायला."

"मला तरी कुठे येतं? चल, दोघी मिळून हसं करून घेऊ."

तिच्या हातात देण्याआधी आक्काने जुनी रॅकेट नव्याने बांधली होती. दिराचं कॉर्डरॉयचं जाकीट धाकटीच्याने टाकवत नव्हतं आणि बघवतही नव्हतं. आक्काने त्याच्या बाहीची पट्टी काढली. धाकटीने मूठ धरली, अंगठा त्या कापडावरून फिरवला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा लोकांसमोर रडली. मग नाक पुसून तिने पहिली सर्व्हिस मारली, ती थेट छताच्या पंख्यात.

शिकाऊंचा तास तिथून सुरू झाला. संध्याकाळचा पहिला तास, ज्यांना येत नाही त्यांचा. त्या वेळात कोणी गुण मोजायचे नाहीत, कोणी कुणाला हसायचं नाही, आणि ज्याला खेळ येतो त्याने तोंडाला कुलूप लावून बाकावर बसायचं. बेकरीवालीला फूल समोर आलं की डोळे मिटायची सवय होती, ती या तासात आली. गुडघे दुखणारे आले, घरी बसून कंटाळलेले आले. आक्का म्हणायची, "क्लब म्हणजे हा तास. बाकी सगळी तुमची मारामारी."

धाकटी मात्र शिकाऊ राहिली नाही. तिच्या मनगटात काय होतं कोण जाणे, वर्ष सरता सरता ती लांबूला पळवायला लागली. आक्का बाकावर बसून ते बघायची आणि शेजारच्याच्या बरगडीत कोपर मारायची. "बघितलंस? आमची आहे ती."

यंदा डॉक्टरच्या डोक्यात स्पर्धा शिरली. शहरातल्या क्लबांच्या सामन्यांत आपला संघ उतरवायचा, म्हणजे रोज नीट सराव हवा, म्हणजे पहिला तास हवा. त्या वेळी माणसं ताजी असतात म्हणे.

"मग शिकाऊंनी कुठे जायचं?" आक्काने विचारलं.

"रविवारी दुपारी हॉल रिकामाच असतो."

"रविवारी दुपारी त्या पत्र्याखाली कोंबडीसुद्धा उभी राहणार नाही, डॉक्टर."

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही खूप केलंत. आता थोडा आराम करा, मी बघतो क्लब."

हे मात्र तिला बरोबर कळलं. तास हलवायचा तर आधी आक्काला हलवायला हवं. नाड्या बांधायला वाकलेली माणसं आता सरळ उभी राहिली होती. पण आक्का काही मूग गिळून बसणारी नव्हती. "ठेवा रॅकेटी," ती म्हणाली. "क्लबाला काय हवं ते क्लबच सांगेल."

क्लबाची कौल घेण्याची रीत जुनी होती. हात वर करून मत घेतलं की पुढे शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो, म्हणून कोणीतरी ती काढलेली. सगळ्यांनी बाहेर व्हरांड्यात थांबायचं. एकेकाने रॅकेट घेऊन आत जायचं, हॉलमध्ये समोरासमोर दोन बाक, त्यातल्या एकावर अंथरलेल्या चादरीखाली सरकवायची आणि मागच्या दाराने वळसा घालून व्हरांड्यात परतायचं. या वेळी खिडकीचा बाक आक्काचा, दाराचा बाक डॉक्टरचा. शेवटी प्रमुखाने एकट्याने आत जाऊन दोन्ही बाक बघायचे, सगळ्या रॅकेटी मधोमध एका ढिगात मिसळायच्या आणि बाहेर येऊन निकाल सांगायचा. प्रमुख स्वतः ठेवत नाही. त्याच्या शब्दावर कोणी शंका घ्यायची नाही. आजवर या रीतीने एवढंच ठरलं होतं की फुलं पिसांची आणायची की प्लॅस्टिकची, आणि तेही आक्का मुठी बांधायला लागायच्या आधी.

व्हरांड्यात धाकटी तिच्या शेजारी उभी होती. "काळजी करू नका, आक्का," तिने कानात सांगितलं आणि आक्काचा हात दाबला. मग आपली पाळी आल्यावर आत गेली.

आक्का सगळ्यांत शेवटी आत गेली. दार लोटून घेतलं. उन्हाची तिरीप मधल्या कोर्टावर आडवी पडली होती. तिने दोन्ही बाकांवरच्या चादरी ओढून काढल्या. रॅकेटी शिस्तीत निजल्या होत्या. आता कुठे तिच्या ध्यानात आलं, आणि बाहेरच्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलेलं नव्हतं, की या रॅकेटी गुपित ठेवूच शकत नव्हत्या. सगळ्या तिच्या हातच्या. प्रत्येक चिंधी तिच्या ओळखीची.

बघू नये, असं तिला वाटलं. पण डोळे काय मिटून मोजायचं?

खिडकीच्या बाकावर उशीच्या अभ्र्याची फुलं होती. बेकरीवाली, गुणाची बाई. पडद्याचा पट्टाही तिकडेच. लांबू आपल्या बाजूने असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिचं मन जरा वर आलं. मग ती दाराच्या बाकाकडे वळली. डॉक्टरचं पांढरं कापड आणि त्याच्या शेजारी, त्याला अगदी खेटून, तपकिरी कॉर्डरॉय.

ती पुन्हा मोजत गेली. दाराच्या बाकावर एकच रॅकेट जास्त होती.

आक्काने ती उचलली. मुठीवर अंगठ्याच्या जागी कापडाची लव झिजून गुळगुळीत झाली होती. टोक अजून तिने दाबलं होतं तिथेच होतं, शोधून सापडू नये असं. चार पावलांवर खिडकीचा बाक. तिकडे ही एक नेऊन ठेवली की क्लब तिचा, तास शिकाऊंचा. कोणी बघत नव्हतं. कोणी विचारणारही नव्हतं. धाकटीला कळलं असतं, पण ती कुठल्या तोंडाने बोलली असती?

ती एक पाऊल चाललीसुद्धा. पायाखाली ती ढिली फळी कण्हली आणि आक्का थांबली. ही रॅकेट उचलून आपण तिकडे ठेवली तर ती आपल्याला मिळाल्यासारखी होणार होती का? जे दिलेलं नाही ते उचलून घ्यायचं, असली सवय तिला नव्हती. तिने रॅकेट होती तिथेच, डॉक्टरच्या शेजारी ठेवली. अगदी होती तशी खेटून. मग दोन्ही बाकांवरच्या सगळ्या गोळा करून मधोमध ढीग केला, पदराने तोंड पुसलं आणि दार उघडलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "क्लब तुमचा. किल्ली घ्या. डावीकडे फिरवताना जरा उचलून धरा, नाही तर अडकते."

कोणी टाळी वाजवली नाही. बेकरीवाली डोळे मिटून उभी राहिली, फूल समोर आल्यासारखी.

घरी जाताना धाकटीने तिच्या दंडाला धरलं. "फार वाईट झालं हो, आक्का. माणसं अशी कशी उलटतात? मी तर खिडकीच्याच बाकावर ठेवली होती."

आक्काने तिच्याकडे पाहिलं. उलटलेला हात समजून घेता आला असता. दंडाला धरलेला हा हात समजत नव्हता.

"रॅकेट दे तुझी," ती म्हणाली. "मूठ सैल झालीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी दुकानात आली. रॅकेट मशीनवर तयार पडली होती. मुठीला बाजारात मिळते तसली काळी रबरी पट्टी होती. शेजारी कॉर्डरॉयची पट्टी धुऊन, इस्त्री करून, टेपसारखी गुंडाळून ठेवलेली.

"हे काय, आक्का? ही का काढलीत?"

"ओळखू येत होती."

धाकटीचा हात रॅकेटपर्यंत आला होता, तो तिथेच राहिला. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, बटणं विचारून निघून गेलं.

"डॉक्टर म्हणाले, संघात पहिलं नाव माझं," धाकटी अखेर बोलली. "तुमच्या तासात मी जन्मभर तीच राहिले असते, आक्का. नवरा गेलेली, तुम्ही हाताला धरून आणलेली. सगळ्यांना ओळख करून देता तेव्हा पहिलं तेच सांगता. मला कुठेतरी नुसतं खेळायचं होतं."

"मग तोंडावर सांगायचंस."

"तुमच्या तोंडावर कोण सांगतं?"

हे आक्काला लागलं, कारण ते खरं होतं. पण खरं असलं म्हणून माफ होतं असं थोडंच आहे. तिने सुईत दोरा ओवला. एका फटक्यात ओवला, याचं तिला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

"माझ्याविरुद्ध ठेवलीस त्याचं मी बघून घेतलं असतं," ती म्हणाली. "माझा दंड कशाला धरलास?"

धाकटीने रॅकेट उचलली. पट्टीकडे बघितलं, ती घ्यायला बोटं पुढे केली आणि मागे घेतली.

"ती ने. तुझ्या नवऱ्याची आहे," आक्का म्हणाली. "रॅकेट आता कुठल्याही बाकावर ठेव हवी तर. मला कळणार नाही."

धाकटीने पट्टी मुठीत घेतली आणि दारापर्यंत गेली. तिथे वळली. "आज संध्याकाळी येणार ना तुम्ही? पहिल्या तासाला? नुसतं बघायला तरी?"

आक्काने मशीनच्या सुईखाली कापड सरकवलं आणि मान वर केली नाही.

"मी शिकाऊ आहे, बाई. माझा तास रविवारी दुपारी," ती म्हणाली, आणि पायाने मशीन सुरू केलं.