साफ छातीची माणसं

ताईला साफ छातीची माणसं हवी होती. खाणीत कधी न गेलेली, विडी न ओढणारी.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. ताई म्हणजे माझी थोरली बहीण पद्मावती. डॉक्टर झाली, आणि मग शरीरक्रियाशास्त्रात एमडी करायला लागली. प्रबंध खाणकामगारांच्या फुप्फुसांवर. डिचोलीच्या खाणीतले कामगार नळीत फुंकून झाले होते. आता तुलनेला साधी धडधाकट माणसं पाहिजेत. मी म्हटलं, आपल्या कोरगावलाच ये की.

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात मशीन मांडलं. मशीन कसलं, टिनाचा मोठा डबा, त्यात विहिरीचं पाणी, पाण्यात दुसरा डबा उलटा, वरून साखळीला टांगलेला. नळी तोंडात धरून फुंकलं की उलटा डबा वर चढतो. छातीतून किती हवा निघाली ते बाजूची पट्टी सांगते. एवढंच. पण लोक जत्रेसारखे जमले.

शेजारचे सगुणदादा नाकाला चिमटा लावून उभे. "बाय, आधी सांग. मराठीत फुंकू काय कोकणीत?"

त्या दिवसांत राजभाषा मराठी की कोकणी यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं. तरी सगळे हसले. आमचा पेडणे तालुका मराठीवाला. मागून कोणीतरी ओरडला, "पेडण्यात आसस मरे, मराठीतच फुंक!"

दादांनी फुंकलं. डबा सर्रकन वर.

तेवढ्यात बाबा आले. काजूच्या डोंगरावरून थेट. "माका पण फुंकूचा आसा."

ताईचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही नको. तुम्ही खाणीत होता ना."

होते. डिचोलीला, बारा वर्षं, ड्रिलवर. पण मला ते आठवतही नाही. मी बघितले ते शेतातले बाबा.

"ती जुनी गजाल. पंदरा वर्सां झाली सोडून."

"तरी नको."

"डॉक्टराचो बापूस आणि भियता?" सगुणदादा म्हणाले. "फुंक मरे पात्रांव, फुंक मालका!"

आता नाही कसं म्हणणार? ताईने नळी दिली.

बाबांनी फुंकलं. डबा थोडा चढला आणि थांबला. बाबांची मान लाल, डोळे बाहेर, डबा तिथेच. मग खोकला सुटला.

"साखळी अडकली," ताई म्हणाली. "मशीन बिघडलं."

"अडकली? बघूया." सगुणदादांनी चांगल्या मनानेच नळी घेतली आणि जोर लावला. डबा पुन्हा सर्रकन वर, अगदी मघासारखा. आणि मग त्यांच्याच लक्षात आलं आपण काय केलं ते. नळी हातात धरून तसेच उभे राहिले.

"मशीन बरां आसा, बाय," बाबा म्हणाले. "आकडो लिव."

बाकीच्यांचं होईपर्यंत बाबा पायरीवर बसून होते. घरी आल्यावर त्यांनी ताईला विचारलं.

"किती इलो?"

"दोन लिटरच्या खाली."

"आणि सगुणाचो?"

"चारच्या जवळ." सगुणदादा बाबांपेक्षा वयाने मोठे.

"वखद?"

"गेलेली छाती परत आणायचं औषध नाही, बाबा. आणि मी तर नुसती मोजायला शिकतेय."

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, "लिवलंस मां पण?"

"नाही."

मी मध्ये पडलो. "का नाही?"

"एक गट आता खाणीत असलेल्यांचा. बाबा त्यात नाहीत. दुसरा गट खाणीत कधीच न गेलेल्यांचा. त्यातही नाहीत. प्रबंधाचे सर म्हणणार, गाळून टाक."

"मग घाल डिचोलीच्या लोकांत. कोणाला कळणार?"

"मला कळणार." ती माझ्यावर भडकली, पण आवाज रडका. "तुला काय वाटतं, डिचोलीचे आकडे वाईट आलेत? बरे आलेत! कारण ज्यांची छाती जाते ते घरी बसतात. त्यांना कोण फुंकायला बोलावतो?"

तिने सरांना विचारून बघितलं. खाण सोडलेल्यांचा तिसरा गट करू, गावोगाव शोधते मी. सर म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, पण मुदत संपत आली, तो वेगळा विषय होईल, पुढे कोणीतरी करेल. आहे तेवढंच पुरं कर. तिने केलं.

पास झाली तेव्हा पेढे घेऊन आली. धारगळच्या नाक्यावरून मीच तिला आणलं. बाबा बाकड्यावर बसलेले.

"काय म्हणता गो तुझां पुस्तक?"

ताईने पेढा त्यांच्या हातावर ठेवला. "कामगारांच्या छातीत फारसा फरक आढळला नाही."

बाबा हसायला लागले. खरंच हसले, गुडघ्यावर हात मारून. हसता हसता खोकला लागला, थांबेना. "पाणी आणते," म्हणून ताई उठली आणि मागच्या दाराने विहिरीवर गेली. बराच वेळ आलीच नाही.

पाणी घरात होतं, घागर भरलेली. मी दिलं.